उंचीनुसार रानफुलांतील भिन्नता

एकाच जातीची रानफुले डोंगराच्या पायथ्याकडून माथ्याकडे जाताना रूप, बहराचा काळ आणि जनुकीय घडण यांत वेगळी होत जातात, त्या वेगळेपणाला हे नाव आहे. नाशिक जिल्ह्यात त्याच्या अभ्यासाला डोंगरांची वाण नाही. शहर सुमारे ६०० मी. उंचीवर आहे, अंजनेरी आणि ब्रह्मगिरी १,३०० मी.च्या आसपास, बागलाणातला साल्हेर १,५६७ मी., तर इगतपुरी आणि अकोले तालुक्यांच्या शिवेवरचे कळसूबाई १,६४६ मी. भाद्रपदात या उतारांवर तेरडा, सोनकी आणि कवला पायथ्यापासून वरपर्यंत फुललेले सापडतात.

खाली गुडघ्याला लागणारा तेरडा वाऱ्यावरच्या धारेवर वीतभरच असतो. हा ठेंगणेपणा दोन कारणांनी येऊ शकतो. एक म्हणजे रोपाची लवचीकता: तेच बी खाली पेरले असते तर उंच वाढले असते. दुसरे म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या नैसर्गिक निवड होऊन जनुकांतच मुरलेला फरक. अशा स्थानिक जनुकीय रूपाला स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ ग्योटे ट्युरेसन यांनी १९२२ साली ‘इकोटाइप’ म्हटले. पुढे क्लाउसेन, केक आणि हीसी या संशोधकांनी कॅलिफोर्नियात एकाच रोपाचे तुकडे समुद्रसपाटीजवळ, सुमारे १,४०० मी.वर आणि सुमारे ३,००० मी.वर लावून दोन्ही कारणे एकाच रोपात कशी गुंतलेली असतात हे दाखवले. नुसती पट्टी लावून हा उलगडा होत नाही.

उंची हे स्वतः कारण नसते, आणि सह्याद्रीत तर ती फसवी खूण आहे. कोरड्या हवेत तापमान दर १,००० मी.ला दहा अंशांच्या आसपास उतरते, सरासरी हिशेबात साडेसहा अंश धरतात. पण ही फुले वाढतात ती ढगांत बुडालेल्या पावसाळ्यात, आणि तेव्हा हा फरक पाच अंशांच्या जवळ येतो. त्यापेक्षा वारा, धुके आणि कातळावरच्या बोटभर मातीचा प्रभाव मोठा असू शकतो. पावसाचे गणित तर आणखी वेगळे: इगतपुरी आणि नाशिक शहर जवळपास सारख्याच उंचीवर आहेत, तरी इगतपुरीला वर्षाला सुमारे ३,००० मिमी. आणि शहरात ७०० मिमी.च्या आसपास पाऊस पडतो. म्हणून इगतपुरीचा पायथा आणि साल्हेरचा माथा यांची तुलना करून ‘उंचीचा परिणाम’ लिहिणे ही सरळ चूक आहे. एकाच डोंगराची एकच बाजू धरावी, आणि तसे निदान तीन डोंगर घ्यावेत.

नमुने दर १५० ते २०० मी. उंचीला एका ठिकाणाहून, प्रत्येक ठिकाणी २५ ते ३० रोपांचे घेतात. दोन रोपांत किमान पाच मीटर अंतर ठेवतात. तेरड्याचे पिकलेले बोंड बोट लागताच तडकते आणि बी जवळपासच पडते, त्यामुळे शेजारची झाडे बहुधा भावंडेच असतात. ती मोजली तर विविधता खोटी कमी दिसते. मोबाइलमधला जीपीएस उंचीच्या बाबतीत दहा-वीस मीटर सहज चुकतो, म्हणून वायुदाबावर चालणारा उंचीमापक ज्ञात उंचीच्या ठिकाणी जुळवून घ्यावा.

मापे सगळीकडे बहराच्या त्याच टप्प्यावर घ्यावी लागतात. रोपाची उंची, पेरांची संख्या, पानाची लांबी-रुंदी, आणि सोनकीत एका स्तबकातल्या (एकाच फुलासारख्या दिसणाऱ्या गुच्छातल्या) किरणपुष्पकांची, म्हणजे कडेच्या पाकळीसारख्या फुलांची, संख्या ही नेहमीची मापे. व्हर्नियर कॅलिपर ०.१ मिमी.पर्यंत पुरेसा होतो. ठेंगणे रोप दिसले की आधी शेंडा बघावा. तो तिरपा तुटलेला असेल आणि खालच्या पेरांतून दोन-तीन फुटवे निघालेले असतील, तर ती शेळीची करामत आहे, निवडीची नाही. अशी रोपे वेगळी नोंदवावीत.

डीएनएसाठी कोवळे निरोगी पान पुसून, त्याच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये (ओल शोषणाऱ्या दाण्यांत) ठेवतात. दाणे रंग बदलू लागले की लगेच बदलावे. पावसाळ्यात हे राहून गेले तर पान काळे पडते आणि डीएनएचे तुकडे होतात. पुढे मायक्रोसॅटेलाइट (डीएनएतले पुन्हापुन्हा येणारे छोटे तुकडे) किंवा एसएनपी (डीएनएतला एका अक्षराचा फरक) या चिन्हकांवरून एफएसटी, म्हणजे ठिकाणाठिकाणांतल्या जनुकीय फरकाचा आकडा, काढतात: शून्य म्हणजे ठिकाणाठिकाणांत फरक नाही, एक म्हणजे संपूर्ण फारकत. सोनकीच्या फळांना केसांची छत्री असते, ती वाऱ्यावर उडतात. तेरड्याचे बी तसे जात नाही. म्हणून दोघांचे आकडे एकाच मापाने वाचू नयेत. तेरड्यात आणखी एक अडचण आहे: बागेतला रंगीबेरंगी तेरडा हीच जाती. गावालगतच्या रानतेरड्यात परसातले परागकण मिसळलेले असू शकतात, आणि मग खालच्या टप्प्यावरची जादा विविधता निसर्गाची की अंगणाची हे सांगता येत नाही. (‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ खरे, पण त्याची जनुके बरीच टिकतात.)

लवचीकता आणि जनुके वेगळी करायची खात्रीची वाट म्हणजे सामाईक बाग. प्रत्येक ठिकाणच्या दहा-बारा मातृरोपांचे बी वेगवेगळ्या पाकिटांत गोळा करून, एकाच मातीत, कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवत लावतात. पहिली पिढी मोजून थांबू नये. आईच्या रोपाला मिळालेले पोषण बियांच्या वजनात उतरते आणि पहिल्या पिढीत जनुकीय फरकाचा भास करून देते. दुसऱ्या पिढीतही फरक टिकला तर तो जनुकांचा मानतात. जमल्यास माथ्यावरचे बी खाली आणि खालचे वर असेही लावून बघतात. मात्र अदलाबदल केलेली रोपे बी धरण्याआधी उपटावी लागतात, नाहीतर प्रयोगच त्या उतारावरची घडण बिघडवतो.

अंजनेरीवरून २००६ साली नवी म्हणून नोंदलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जाती अशा कामासाठी फारच नाजूक. जिथे रोपे मोजकी, तिथे २५ नमुन्यांचा हट्ट धरू नये; पानाच्या टोकाचा नखाएवढा तुकडा पुरतो, कंद तर खणूच नये. वनक्षेत्रात काहीही तोडण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी लागते, आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात पावसाळ्यापूर्वी पुरेसा वेळ हाताशी ठेवून अर्ज करावा. परवानगी हातात पडेपर्यंत बहर ओसरला तर पुढच्या भाद्रपदापर्यंत थांबावे लागते.