हळद लाल का होते?

आमटीचा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडतो आणि पिवळा डाग उमटतो. घाईघाईने त्यावर साबण चोळावा तर डाग जायचा राहतो बाजूला, उलट कुंकू सांडल्यासारखा लाल होतो. भरपूर पाण्यात खळबळलं की पुन्हा पिवळा. वर लिंबू पिळलं तर पिवळा व्हायला तेवढाही वेळ लागत नाही.

आम्ल आणि आम्लारी हा धडा शाळेत लिटमस कागदापासून सुरू होतो. मला तो या डागापासून सुरू करावासा वाटतो, कारण आम्ल म्हणजे नेमकं काय याचं उत्तर या डागातच आहे. ते सापडायला माणसाला बराच काळ लागला.

रंगांची ही गंमत आयर्लंडमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट बॉइलने १६६४ साली पुस्तकात नोंदवून ठेवली. त्याने हाताशी असलेली जांभळी व्हायोलेट फुलं घेतली. त्यांचा अर्क आम्लात लाल आणि अल्कलीत, म्हणजे आम्लारीत, हिरवा होतो, हे त्याला दिसलं. आपल्याकडे हाच प्रयोग जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून करता येतो: लिंबाने पाणी गुलाबी-लाल, खायच्या सोड्याने हिरवट. हळदीत मात्र एक उणीव आहे. लिंबू टाका नाहीतर साधं पाणी, ती पिवळीच राहते. आम्लारी भेटला तरच रंग बदलते.

रंग बदलतो हे कळलं, पण आम्लाच्या पोटात असतं काय? थोर फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए याला वाटलं, प्रत्येक आम्लात एक ठरावीक वायू असणारच. म्हणून त्याने त्या वायूचं नावच ‘ऑक्सिजन’ ठेवलं. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ आम्ल जन्माला घालणारा. पुढे १८१० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने दाखवून दिलं की हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा लवलेश नाही, असतात ते फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन. समज चुकीचा ठरला, नाव मात्र जगभर चिकटून राहिलं. मराठीत आपण त्याला प्राणवायू म्हणतो आणि त्या चुकीपासून सुटतो, याचा मला आनंद आहे.

मग नजर हायड्रोजनकडे वळली. स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियसने १८८४ च्या आपल्या प्रबंधात असा विचार मांडला की क्षार पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित तुकडे, म्हणजे आयन, सुटे होतात. परीक्षकांनी तो प्रबंध जेमतेम पास केला. १९०३ साली त्याच कामासाठी अऱ्हेनियसला नोबेल मिळालं. त्याच्या हिशेबाने पाण्यात हायड्रोजनचा आयन सोडतो तो आम्ल, हायड्रॉक्साइडचा (एक ऑक्सिजन आणि एक हायड्रोजन यांच्या जोडीचा) सोडतो तो आम्लारी. व्याख्या सुटसुटीत होती, पण अमोनियापाशी अडली. अमोनियात हायड्रॉक्साइड नाहीच, तरी तो पक्का आम्लारी.

ही अडचण १९२३ साली सुटली. डेन्मार्कच्या ब्रन्स्टेडला आणि इंग्लंडच्या लॉरीला एकच कल्पना स्वतंत्रपणे सुचली. हायड्रोजनच्या अणूमधला एकुलता एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की उरतो फक्त प्रोटॉन. हा प्रोटॉन देणारा तो आम्ल, घेणारा तो आम्लारी. अमोनिया पाण्याकडून प्रोटॉन काढून घेतो आणि पाण्याचा उरलेला भाग म्हणजेच हायड्रॉक्साइड. म्हणजे आम्लता हा देवाणघेवाणीतला भाग आहे. समोर कोण उभा आहे त्यावर तो ठरतो. अमोनियासमोर पाणी देणारं असतं, हायड्रोक्लोरिक आम्लासमोर तेच पाणी घेणारं होतं.

आता डागाकडे या. हळदीचा पिवळा रंग करक्युमिन नावाच्या रेणूचा. साबणाचं पाणी आम्लारिधर्मी असतं, ते करक्युमिनकडून प्रोटॉन ओढून घेतं. प्रोटॉन गेला की रेणूतल्या इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते, तो प्रकाशाचा वेगळा भाग शोषू लागतो आणि आपल्याला लाल दिसतो. लिंबू पिळलं की प्रोटॉन परत मिळतो आणि पिवळा रंगही. याचा अर्थ असा की साबणासमोर खुद्द हळदीचा रंग हाच एक आम्ल आहे, फार दुबळा, पण आम्लच.

दुबळा हा शब्द इथे जपून वापरायला हवा, कारण दुबळं आम्ल आणि पातळ आम्ल यांची सर्रास गल्लत होते. पातळ म्हणजे पाणी जास्त. दुबळं म्हणजे द्यायला नाखूश. हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळजवळ सगळे रेणू पाण्यात प्रोटॉन देऊन मोकळे होतात. स्वयंपाकाच्या व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाच्या शंभर रेणूंमागे एकही पुरता देत नाही. म्हणून व्हिनेगर आपण लोणच्यात घालू शकतो. अर्थात दुबळं आम्लही काम करतंच. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, म्हणजे ताकातलं लॅक्टिक आम्ल भांड्यातलं तांबं उतरवून घेतं. ते ताक टाकून देण्याची आजीची सक्ती रास्त होती. चिंचेने तांब्याचा गडू लखलखतो तोही याच करणीमुळे. फक्त तिथे निघून जातो तो वरचा काळपट थर.

हे देणंघेणं मोजायचं कसं? कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन हा रसायनशास्त्रज्ञ विकरांवर, म्हणजे एन्झाइमांवर, काम करत होता आणि विकर आम्लतेच्या जराशा फरकानेही बिथरतात. १९०९ साली त्याने पीएच ही मोजपट्टी मांडली. आपले शेतकरी तिला सामू म्हणतात आणि मला हा शब्द फार आवडतो. शुद्ध पाण्याचा सामू ७. त्यात साधारण ५५ कोटी रेणूंमागे एकच रेणू प्रोटॉन आणि हायड्रॉक्साइड असा फुटलेला असतो. सातच्या खाली आम्ल, वर आम्लारी; शेतीच्या पुस्तकांत त्यालाच विम्ल म्हणतात. लिंबाचा रस २ च्या आसपास, दही साडेचारच्या जवळपास, चुन्याची निवळी १२ च्या वर. हळद साडेसातच्या आसपास लाल व्हायला लागते. या पट्टीवर एक घर म्हणजे दहा पट, हे नीट लक्षात ठेवायला हवं. २ आणि ७ मध्ये फरक पाचाचा दिसतो, प्रत्यक्षात तो एक लाख पटींचा असतो.

माती परीक्षणाच्या कागदावर सामू ८.२ लिहून येतो तेव्हा तो आकडा निरुपद्रवी दिसतो. देशावरच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत तो नेहमीचाच. कोकणात जांभ्याची माती याच्या उलट, आम्लधर्मी. पण देशावरच्या त्या विम्ल जमिनीत उसाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. शेतकरी त्याला केवडा म्हणतात. कारण लोह कमी पडतं, आणि तेही मातीत लोह भरपूर असताना. लोहाच्या प्रत्येक आयनाभोवती तीन हायड्रॉक्साइड जमून तो गंजासारखा घट्ट बसतो. तीन असल्यामुळे सामू एका घराने चढला की असं विरघळलेलं लोह दहाने नाही, हजार पटींनी घटतं. वरून आम्ल ओतून भागत नाही, कारण चुनखडी फसफसून ते गिळून टाकते.

हरभऱ्याची, भुईमुगाची मुळं अशा वेळी स्वतःच प्रोटॉन बाहेर सोडतात आणि आपल्याभोवतीच्या केसभर मातीचा सामू खाली आणून लोह सोडवून घेतात. गवताच्या कुळातल्या उसाची रीत वेगळी. तो लोहाला धरून आणणारे पदार्थ मुळांतून सोडतो. तरीही कमी पडलं तर शेतकरी हिराकस, म्हणजे लोहाचा एक क्षार, पाण्यात विरघळवून पानांवर फवारतात. त्या द्रावणात थोडं सायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे लोह गंजून तळाशी बसत नाही. सदऱ्यावरचा लाल डाग पुन्हा पिवळा करणाऱ्या लिंबातलंही मुख्य आम्ल हेच.