गोकाकचा कडा

घटप्रभा नदी जिथनं एकदम खाली कोसळते तो बेळगाव जिल्ह्यातला सरळसोट दगडी कडा म्हणजे गोकाकचा कडा, उंची साधारण ५२ मीटर आणि आकार घोड्याच्या नालेसारखा. पावसाळ्यात बेळगाव, निपाणी, चिकोडीकडनं माणसं येतात, गढूळ पाणी बघतात, झुलत्या पुलावर फोटो काढतात आणि करदंट ही इथली मिठाई घेऊन परत जातात. पण दगड बघायचा असेल तर उन्हाळ्यातच यावं, तेव्हा धार बारीक होते आणि आख्खा कडा उघडा पडतो.

हा आपल्या नेहमीच्या काळ्या फत्तराचा कडा नाही. काळा फत्तर म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आणि हा आहे वाळूचा दगड, तोही इतका घट्ट झालेला की हातोडी मारली तर खणकन वाजतो. कलादगी नावाच्या थरांच्या गटातला हा दगड, कलादगी म्हणजे पलीकडं बागलकोट जिल्ह्यातलं गाव. वय कमीत कमी ५४ कोटी वर्षं, गटातले जुने थर तर १०० कोटींच्याही पलीकडचे. जुन्या नद्यांनी आणि उथळ समुद्रानं आणून टाकलेली ही वाळू, आणि या गटाच्या दगडात काही ठिकाणी लाटांनी उमटवलेल्या बारीक वळ्या अजून दिसतात, तिरपं ऊन असेल तर जास्तच ठळक. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूटनं दक्षिण मराठा मुलखाच्या दगडांचा अहवाल १८७६ साली छापला, त्यात या थरांचं वर्णन आहे.

कडा उभाच का राहतो? थर जवळजवळ आडवे आणि त्यांना उभ्या भेगा, म्हणजे विटांच्या भिंतीसारखी रचना. पाणी पायथा पोखरतं, भेगांत शिरतं, वरचा ठोकळा निखळतो, मागं परत उभीच भिंत. वेंगुर्ला-मालवणकडच्या समुद्रकड्यांचंही थोडंफार असंच, फक्त तिथं पायथ्याला लाटा धडका देतात आणि दगड बऱ्याच जागी जांभा. असा कडा हळूहळू मागं सरकतो, गोकाकचा तर नदीच्या वरच्या अंगाला, आणि खालची घळ ही त्याच सरकण्याची खूण. पात्रात गोट्यांनी घुसळून केलेले रांजणखळगे पण आहेत, सेल्फीच्या नादात त्यांच्या ओल्या काठावर उभं राहणारे काही कमी नाहीत.

या उंचीचा फायदा १८८० च्या दशकात सूतगिरणीनं उचलला, पडणाऱ्या पाण्यावर चाती फिरवून.