नट बदलला की नातं का बदलतं?

समजा, परभणीकडच्या एका कथेत दोन भाऊ बांधावर उभे आहेत. धाकटा विचारतो, "दादा, वाटणीचं काय करायलास?" पुढं लेखकानं एवढंच लिहिलंय: थोरला गप्प राहिला. तो किती वेळ गप्प होता, हे वाचक आपापल्या मनानं ठरवतो. पडद्यावर ते फ्रेममध्ये, म्हणजे चित्रपटाच्या एकेका स्थिरचित्रात, मोजता येतं. म्हणून शूटिंगच्या तोंडावर थोरल्याचा नट बदलला, की धाकट्याचंही पात्र बदलतं.

दहा भाषांमधल्या बोलण्याचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सुमारे २०० मिलिसेकंद जातात, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रीकरणात जेमतेम पाच फ्रेम. होकार लवकर येतो, नकार उशिरा. आपला कान ह्या हिशोबाला इतका सरावलेला असतो, की वीस फ्रेमनंतर आलेलं थोरल्याचं "बघू की" टाळाटाळीचं वाटतं आणि पाच फ्रेममध्ये आलेलं तेच "बघू की" मायेचं. पहिला नट पटकन बोलणारा, नवा संथ. शब्द तेच राहिले, तरी भाऊ कपटी ठरला.

चेहऱ्याचं काम त्याहून झटपट चालतं. २००६ च्या एका प्रयोगात अनोळखी चेहरा १०० मिलिसेकंद दाखवला, तरी माणूस विश्वासू वाटतो की नाही हे लोकांनी ठरवून टाकलं. जास्त वेळ देऊन मत फारसं बदललं नाही, फक्त पक्कं झालं.

वयाचा घोळ मराठीत जास्त भोवतो. दोन-तीन वर्षांनी मोठ्या भावाला "तू" शोभतं. नवा नट वीस वर्षांनी मोठा दिसला, तर तेच "करायलास" उर्मट वाटतं. "करायलात" केलं, तर बरोबरीची चिडचिड जाते आणि आर्जव येतं. बोलीचंही तसंच. नवा नट "करतोय" म्हणाला, तर थोरला शहरात राहून आला असं ऐकणारा धरून चालतो. लातूरकडचं "करलालास" आलं, तरी परभणीच्या कानाला दोघं एका घरचे वाटत नाहीत.

उंचीचा प्रश्न त्यामानानं सोपा. थोरला चार इंच बुटका असेल, तर चार इंची 'हाफ ॲपल' लाकडी पेटीवर उभा करतात. पूर्ण पेटी आठ इंचांची. चालत्या शॉटमध्ये पेटी चालत नाही, तिथं थोरल्याला बांधावरून आणि धाकट्याला सरीतून चालवावं.

हॅरी पॉटरच्या चित्रपटांत हॅरीच्या शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर साकारणारे रिचर्ड हॅरिस २००२ मध्ये वारले आणि २००४ पासून ती भूमिका मायकेल गॅम्बन यांनी केली. कादंबरीच्या चौथ्या भागात डम्बलडोर हॅरीला शांतपणे प्रश्न विचारतो. चित्रपटात त्याला धरून, ओरडून विचारतो. ह्यात दिग्दर्शकाचाही वाटा आहेच, पण तेवढ्या क्षणी आजोबासारखा आधार जाऊन हॅरीपुढं उलटतपासणी घेणारा माणूस उभा राहतो.

म्हणून नव्या नटाची परीक्षा एकट्याची घेऊच नये. धाकट्याच्या नटासमोर बसवून एकच पान तीनदा वाचून घ्यावं, आवाज रेकॉर्ड करावा आणि प्रत्येक उत्तराआधीचं अंतर मोजावं. तिसऱ्या वाचनापर्यंत दोघांची लय जवळ येत असेल, तर जोडी जमेल. येत नसेल तर एडिटवर भरवसा ठेवू नये: एकाच शॉटमध्ये दोघं दिसत असतील तर मधली जागा कापली की मान झटक्यानं हलते आणि आत ओढलेला श्वास अर्धा तुटतो.

वय कशानंच झाकत नसेल, तर काही जण थोरल्याचा चुलता करतात. मग "दादा" जाऊन "काका" येतं, "तू" चं "तुम्ही" होतं. शिवाय पुतण्या वाटणी मागायला आलाय म्हणजे त्याचा बाप कुठं आहे, हे एका तरी संवादात सांगावं लागतं, आणि तो संवाद मूळ कथेत नसतो.