लिंग आत ओढलं जातंय ही भीती: कोरोची पार्श्वभूमी

माणसाला अचानक वाटायला लागतं की आपलं लिंग आखडतंय, आत आत चाललंय, आणि ते पूर्ण पोटात गेलं की आपण मेलो. छाती धडधडते, घाम फुटतो, हातापायाला मुंग्या येतात, तो लिंग घट्ट धरून ठेवतो आणि घरातले पण घाबरून मदतीला धावतात. मानसोपचारात याला कोरो म्हणतात. ऐकून हसणारेच जास्त भेटतात, पण ज्याच्यावर वेळ येते त्याच्यासाठी ती खरोखर मरणाची भीती असते, आणि इतिहास बघितला तर या भीतीपायी माणसं झुंडीने दवाखान्यात धावलीत आणि काही ठिकाणी निरपराध लोकांचे जीवही गेलेत.

भीती जुनीच आहे. चिनी वैद्यकात मानायचे की शरीरातली यांग म्हणजे उष्ण, पुरुषी शक्ती कमी झाली की लिंग आत खेचलं जातं आणि माणूस दगावू शकतो. दक्षिण चीन आणि आग्नेय आशियात हे पिढ्यानपिढ्या चालत आलं. 19व्या शतकाच्या शेवटी तेव्हाच्या डच ईस्ट इंडीजमध्ये म्हणजे आताच्या इंडोनेशियात काम करणाऱ्या डच डॉक्टरांनी अशा केसेस लिहून ठेवल्या. त्या काळी सोनाराचा नाजूक तराजू ठेवायच्या छोट्या लाकडी पेटीत लिंग अडकवून ठेवायचे, आत जाऊ नये म्हणून! युरोपातही वेगळ्या रूपात हे होतंच, 1480च्या दशकात चेटकिणींविरुद्ध लिहिलेल्या एका गाजलेल्या ग्रंथात चेटकिणी पुरुषांची लिंगं गायब करतात असं अगदी गंभीरपणे लिहिलंय. पुढे 1965 साली हाँगकाँगच्या पी. एम. याप या मानसोपचारतज्ज्ञांनी 19 रुग्णांवर लेख लिहिला, त्यात हस्तमैथुन किंवा वेश्येकडे जाणं याबद्दलची अपराधी भावना पुन्हा पुन्हा दिसते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण 'वीर्य गेलं म्हणजे ताकद गेली' असं लहानपणापासून कानावर पडलेल्या मुलाच्या मनात ही भीती आधीच तयार असते, फक्त निमित्त लागतं.

ते निमित्त मोठ्या प्रमाणावर मिळालं 1967 मध्ये, सिंगापूरला. डुकरांमध्ये स्वाइन फीवरची साथ होती म्हणून सरकारने डुकरांना लस द्यायला सुरुवात केली, आणि ऑक्टोबरच्या शेवटी अफवा उठली की लस दिलेल्या डुकराचं मांस खाल्लं की लिंग आत जातं. झालं, पेपरात बातम्या आल्या, माणसं आपण खाल्लेलं डुकराचं मांस आठवून आठवून घाबरायला लागली, आणि सरकारी हॉस्पिटलात रांगा. सिंगापूर जनरल हॉस्पिटलमध्ये तर एका दिवसात 97 जण आले. बहुतेक चिनी पुरुष, तरुण. कोणी लिंगाला दोरी बांधलेली, कोणी चिमटा लावलेला, कोणी हातातच धरून आलेला. या उपायांनीच जखमा व्हायच्या, आजाराने नाही. डुकराचं मांस घ्यायला कोणी धजेना. मग नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांच्या संघटनेने आणि सरकारने पेपर आणि टीव्हीवरून सरळ सांगितलं की असं शरीरात होऊच शकत नाही, ही भीती आहे, मांसाचा काही संबंध नाही. त्यानंतर केसेस भराभर उतरल्या आणि महिन्याभरात साथ संपली. नंतर डॉक्टरांच्या टीमने 469 केसेसचा अभ्यास केला. या सगळ्या प्रकरणात कुठलं औषध सापडलं नव्हतं हे लक्षात घ्या, लोकांना न हसता, न लाजता खरं सांगितलं गेलं एवढंच.

1976 मध्ये ईशान्य थायलंडमध्ये परत तेच, फक्त संशय बदलला. व्हिएतनामचं युद्ध नुकतंच संपलेलं, त्यामुळे लोक म्हणायला लागले की व्हिएतनामी लोक अन्नात आणि तंबाखूत विष घालतायत. 1982 मध्ये आपल्याकडे आसाम आणि उत्तर बंगालमध्ये साथ पसरली, तिकडे लोक याला झिनझिनिया म्हणायचे. अंगावर गार पाणी ओतायचे, कानाच्या पाळीला चुना लावायचे, आणि प्रशासनाला लाऊडस्पीकर लावून घाबरू नका म्हणून फिरावं लागलं. बायकांनाही झालं, त्यांना स्तन आत जातायत असं वाटायचं. 1984-85 मध्ये दक्षिण चीनच्या हैनान बेट आणि लेझौ द्वीपकल्पात (हैनान तेव्हा ग्वांगडोंग प्रांतातच होतं) तीन हजारांवर लोक सापडले. तिथे कोल्ह्याचं रूप घेणारं भूत लिंग पळवतं असा समज, म्हणून शेजारीपाजारी थाळ्या-घंटा बडवून भूत पळवायचे.

पश्चिम आफ्रिकेत मात्र याला भयानक वळण लागलं. तिथे लिंग आखडतंय असं नाही तर कोणीतरी चोरलं असं म्हणतात. गर्दीत कोणाचा धक्का लागला, कोणी हात मिळवला, की ओरडा सुरू, आणि जमाव त्या अनोळखी माणसाला मारायला धावतो. 1990 मध्ये नायजेरियातल्या लागोसला अशी लाट आली, 1997 मध्ये घानात जमावाने माणसं ठार मारली, 2008 मध्ये मध्य आफ्रिकेतल्या काँगोची राजधानी किन्शासात पोलिसांनी संशयितांना पकडून आणलं. इलेचुक्वू या नायजेरियन मानसोपचारतज्ज्ञांनी 1975 मधला कदुना शहरातला प्रसंग लिहून ठेवलाय. पोलीस दोघांना घेऊन आला, एक म्हणत होता या दुसऱ्याने माझं लिंग गायब केलं. डॉक्टरांनी तपासलं तरी तो माणूस खाली बघायलाच तयार नाही, समोर नजर लावून बसलेला. सगळं जागेवर आहे असं सांगितल्यावर त्याने पहिल्यांदा खाली बघितलं, आणि त्याला वाटलं ते आत्ताच परत आलंय.

शरीरात नेमकं काय होतं? थंडी, भीती, थकवा यांनी लिंग खरंच लहान दिसतं, कारण तिथला रक्तपुरवठा तात्पुरता कमी होतो आणि वृषणाच्या पिशवीचे स्नायू आवळतात. घाबरलेला माणूस ते बघतो, अजून घाबरतो, मग अजून आखडतं, आणि तो दर दोन मिनिटांनी तपासत बसतो. पण ते पोटात जाणं शक्यच नाही, कारण लिंगाचं मूळ ओटीपोटाच्या हाडाला पक्कं जोडलेलं असतं.

1994 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या डीएसएम-चारमध्ये (मानसिक आजारांचं वर्गीकरण करणाऱ्या पुस्तकाची चौथी आवृत्ती) कोरो विशिष्ट संस्कृतींशी जोडलेल्या आजारांच्या यादीत होता, 2013 च्या डीएसएम-पाचमध्ये तो ओसीडीसारख्या (तोच विचार, तीच तपासणी पुन्हा पुन्हा) आजारांच्या गटाखाली आला. मला हा बदल पटतो, कारण साथीशिवाय एकट्या माणसालाही हे होतं, कुठल्याही देशात, कधी गांजा घेतल्यावर, कधी डिप्रेशन किंवा मेंदूच्या आजारासोबत. तेव्हा मूळ त्रासावर उपचार केले की बहुतेक वेळा ही भीतीही जाते. लिंग खरोखर वाकडं झालं असेल, त्यात गाठ लागत असेल किंवा प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लांबी कमी वाटत असेल तर ती वेगळी गोष्ट, तिथे युरोलॉजिस्टकडे जायचं.