नाताळ : ठाणे व नवी मुंबईतील घरगुती परंपरा

ख्रिस्ती कुटुंबांत येशूच्या जन्माचा सण साजरा करण्याची घरगुती रीत. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकेपर्यंत इथे त्यांची सत्ता होती. मासुंदा तलावाकाठच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या परिसरात ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-ठाणे-वसई पट्ट्यातल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची, घरे जुनी आहेत. त्यांची मातृभाषा मराठीच, पण तिला स्वतःचा वेगळा हेल आहे. नवी मुंबईत सिडकोच्या वसाहतींत गोवेकर, मंगळुरी, मल्याळी आणि मराठी ख्रिस्ती शेजारी आले, म्हणून एकाच मजल्यावर फुगिया (यीस्टच्या पिठाचे तळलेले गोळे) आणि अप्पम-स्ट्यू दोन्ही शिजतात.

घरातली तयारी आगमनकाळापासून, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांच्या काळापासून, सुरू होते. त्याचा पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान येतो. हिरव्या पानांच्या चक्रात तीन जांभळ्या व एक गुलाबी मेणबत्ती असते. दर रविवारी एक जास्त पेटवत जातात. गुलाबी तिसऱ्या रविवारची.

गोठा. संत फ्रान्सिस असिसीकर यांनी 1223 मध्ये इटलीतील ग्रेच्चो येथे गव्हाणीचा देखावा मांडला, तिथून ही प्रथा पसरली. इथे गोठ्याभोवतीचे शेत खऱ्या धान्याचे करतात. गहू रात्रभर भिजवून, दुसऱ्या रात्री कापडात बांधून मोड आणतात आणि पसरट ताटलीत दोन बोटे मातीवर दाट पेरतात. पेरणी 14-15 डिसेंबरला झाली तर 24 तारखेला रोपे चार-पाच इंच होतात. घटस्थापनेचे धान्य पाहिलेल्याला हे काम नवे नाही. त्याहून आठवडाभर आधी पेरल्यास रोपे उंच होऊन आडवी पडतात. ताटलीत पाणी साचले की मुळाशी पांढरी बुरशी धरते, म्हणून पाणी ओतू नये, शिंपडावे. अंधारात ठेवलेली रोपे पिवळीच राहतात.

मारिया, योसेफ, मेंढपाळ, गाय आणि गाढव आधी मांडतात. गव्हाणी मात्र रिकामी राहते. बाळ येशूची मूर्ती 24 तारखेला रात्री, मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर, बहुतेक घरांत सर्वांत लहान मूल ठेवते. घाईने आधीच ठेवली तर चार आठवड्यांची वाट पाहणे फुकट जाते. बाळाच्या दर्शनाला येणारे तीन राजे दूर, खिडकीपाशी किंवा कपाटावर ठेवून रोज थोडे पुढे सरकवतात. ही रीत सगळीकडे नाही, पण मुलांना सण समजावणारी याहून चांगली दुसरी नाही.

कुसवार. नाताळच्या फराळाला हे नाव आहे. त्यात कुलकुल (शिंपल्याच्या आकाराचे गोड तळण), नेवऱ्या (करंज्या), गुलाबफुले (साच्याने तळलेली फुले), दोदोल (नारळाचे दूध व गुळाची मऊ वडी) आणि पेराद (पेरूची वडी) असतात. सर्वाधिक हात लागतात ते कुलकुलांना. अर्धा किलो मैदा, 100 ग्रॅम पिठीसाखर, 50 ग्रॅम तूप, एक अंडे, चिमूटभर मीठ आणि बेताने घातलेले घट्ट नारळाचे दूध, साधारण दीड वाटी. पीठ पोळीपेक्षा घट्ट हवे. ओल्या फडक्याखाली तासभर ठेवून सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा कोऱ्या फणीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि गुंडाळून शिंपल्यासारखी करायची. जोड नीट दाबला नाही तर तेलात उलगडतो. दूध जास्त झाले तर रेघा पुसतात, तूप जास्त झाले तर कुलकुल तेलात फुटतात. तेल कडक तापले की बाहेरून लाल, आतून कच्चे, आणि तिसऱ्या दिवशी मऊ. म्हणून मध्यम आचेवर तळावे आणि पूर्ण गार झाल्यावरच डबा बंद करावा.

नेवऱ्यांचे ओल्या खोबऱ्याचे सारण हाताला चिकटेनासे होईस्तोवर परतावे, नाहीतर वाफेने शिवण उकलते. केकमध्ये सुका मेवा खाली बसू नये म्हणून तो मैद्यात घोळवतात. रमऐवजी संत्र्याच्या रसात भिजवलेला मेवा फ्रिजमध्येच ठेवावा, बाहेर तो आंबतो.

फुगिया 25 तारखेच्या सकाळी ताज्या लागतात. यीस्टचे सैलसर पीठ ओल्या मुठीतून, अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून पिळून तेलात सोडतात. डिसेंबरच्या गारव्यात पीठ फुगायला तीन-चार तास लागतात. सोबत बॉटल मसाल्यातले (ईस्ट इंडियन घरांत बाटल्यांत भरून ठेवलेल्या मसाल्यातले) मटण किंवा डुकराचे इंद्याल (व्हिनेगरचा आंबट-तिखट रस्सा).

त्याच दिवशी कुसवारची ताटे विणलेल्या रुमालाखाली शेजारी जातात. त्यांत शाकाहारी घरासाठी अंडे नसलेले जिन्नस वेगळे काढावेत. वर्षभरात मृत्यू झालेल्या घरी तळण काढत नाहीत, त्यांचे ताट नातेवाईक आणि शेजारी भरतात.

गोठा तीन राजांच्या सणापर्यंत, म्हणजे 6 जानेवारीच्या आसपासच्या रविवारपर्यंत, राहतो. मग रोपे कुंडीत आणि मूर्ती एकेक सुती कापडात गुंडाळून पेटीत जातात. वर्तमानपत्रात गुंडाळल्यास दमट हवेने शाई रंगावर उतरते. बाळ येशूची मूर्ती सर्वांत वर ठेवतात.