सर्व्हिस चार्ज भरला म्हणजे वेटरला टिप मिळाली? नाही हो!
बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज दिसला की लोकं म्हणतात झालं, वेटरची टिप त्यातच आली, आणि काहींना तर तो सरकारी टॅक्सच वाटतो! टॅक्स म्हणजे जीएसटी, सर्व्हिस चार्ज हॉटेलवाला स्वतःच लावतो, पैसे आधी मालकाकडे जातात आणि मग वेटरला किती द्यायचे, द्यायचे का नाही हे तोच ठरवतो (काही जण वाटतात, नाही असं नाही), आत भांडी घासणारा तर कुणाच्या लक्षातही नसतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मधेच सांगितलंय की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, मार्च २०२५ मधे दिल्ली हायकोर्टानेही ते उचलून धरलं. सो बिनधास्त काढायला सांगा, टिप द्यायचीच असेल तर कॅश वेटरच्या हातात द्या, काउंटरवरचा क्यूआर मालकाचा असतो.