तारलीची अंडी आणि डिंभ ओळखणे

तारली (सार्डिनेला लाँगिसेप्स) खायची कशी ते सांगायला नको, इथे विषय आहे तिची पाण्यात तरंगणारी अंडी आणि त्यातून निघालेले डिंभ (अगदी कोवळी पिल्लं) प्लँक्टनच्या, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव धरायच्या, जाळ्यात आले तर ओळखायचे कसे. विणीचा काळ साधारण जून ते सप्टेंबर धरतात, म्हणजे नेमका समुद्र खवळलेला असताना.

हॉर्नेल आणि नायडू या मत्स्यसंशोधकांनी १९२० च्या दशकात मलबारच्या तारलीवर बरंच लिहिलं, पण समुद्रातून धरलेल्या अंड्यांसाठी बहुतेक जण नायर यांचं १९५९ चं वर्णनच हाताशी धरतात आणि ते बरोबरच वाटतं. गाभोळीवरून अंदाज बांधू नये, कारण अंडं पाण्यात पडल्यावरच त्याचं कवच बलकापासून सुटतं आणि मधे रुंद मोकळी जागा तयार होते, आणि ओळखायची पहिली खूण तीच. बाकी अंडं गोल, पारदर्शक, दीडेक मिलिमीटरच्या आतबाहेर, बलक तुकड्यातुकड्यांचा दिसतो आणि त्यात तेलाचा एकच थेंब. मांदेलीच्या काही जातभाईंची अंडी लांबोडकी असतात, ती लगेच बाजूला काढता येतात. खरी डोकेदुखी पेडव्यांची (तारलीच्या जवळच्या इतर सार्डिन माशांची), एकाच कुळातली असल्याने खुणा सारख्या आणि मापं एकमेकांत घुसलेली, नुसत्या व्यासावर जात ठरवली तर ती नोंद जपूनच वाचावी.

डिंभ दोऱ्यासारखा बारीक, जवळजवळ बिनरंगाचा. आतडं सरळ आणि इतकं लांब की गुदद्वार पार शेपटीकडे. पर फुटल्यावर पाठीचा पर गुदपराच्या बराच पुढे संपतो, मांदेलीवर्गात मात्र दोन्ही वरखाली येतात किंवा अगदी जवळ असतात, सूक्ष्मदर्शकाखाली आधी हेच बघावं. पोटाच्या परात तारलीला ९ काड्या, पेडव्यांना ८, पण हे मोजता येतं तोवर डिंभ बराच वाढलेला असतो. म्हणून जात नक्की ओळखता येणाऱ्या मोठ्या पिल्लापासून उलट मागे येत, लहान लहान डिंभांची मालिका लावायची पद्धत आहे, वेळखाऊ आहे पण भरवशाची. फॉर्मलिनमध्ये डिंभ आखडतो, तेव्हा लांबी ताज्या नमुन्याची की ठेवलेल्याची ते लिहायलाच हवं.

आता डीएनए बारकोडिंगने (डीएनएचा छोटा तुकडा वाचून जात ठरवण्याने) पेडव्यांचा घोळ पुष्कळ सुटतो, फक्त त्यासाठी नमुना फॉर्मलिनमध्ये न टाकता इथेनॉलमध्ये ठेवावा लागतो.